कोल्हापूरच्या विमानतळावरून प्रवास कसा प्लॅन करायचा: धावपट्टी, हवा आणि टायमिंग समजून घेऊन

आमच्या घरात, शेजारी, ऑफिसात, कुणाचंही कोल्हापूरहून विमानाचं तिकीट निघालं की पहिला फोन मला येतो, कारण गेल्या काही वर्षांत आईला तिरुपतीला, मावशीला हैदराबादला आणि स्वतःला कामासाठी मुंबईला असं बरंच येणंजाणं मी उजळाईवाडीवरून, म्हणजे कोल्हापूरचं विमानतळ जिथे आहे तिथून, केलंय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो. सांगली, इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लज, कराडकडच्या लोकांनापण उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. छोटं विमानतळ म्हणजे मोठ्या विमानतळाची लहान आवृत्ती नाही. मुंबईला एक फ्लाइट गेली तर त्याच दिवशी त्याच गावाला दुसऱ्या चार असतात. इथे एका मार्गाला दिवसाला एकच फेरी, ती पण आठवड्यातले सगळे दिवस असेलच असं नाही. एकच धावपट्टी, मोजकी विमानं, मोजका स्टाफ. त्यामुळे इथला प्रवास तिकीट काढून सोडून द्यायचा नसतो, जरा अभ्यास करून काढायचा असतो, आणि तो अभ्यास अवघड अजिबात नाहीये.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. हे विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केलं, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी, कोल्हापूर संस्थान असताना. हे राजाराम महाराज म्हणजे राजर्षी शाहूंचे चिरंजीव, १९२२ ते १९४० त्यांची कारकीर्द. इटलीत फ्लॉरेन्सला ज्यांची समाधी आहे ते राजाराम महाराज वेगळे, त्यांचं निधन १८७० ला झालं, लोक या दोघांची गल्लत फार करतात म्हणून मुद्दाम सांगितलं. विमानतळाला आज राजाराम महाराजांचंच नाव आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्या काळात एका संस्थानाने स्वतःच्या गावाला विमान उतरायची सोय करून ठेवणं ही लहान गोष्ट नाही, आजही महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांना ते जमलेलं नाहीये.

पुढे मात्र बरीच वर्षं अशीच गेली. राज्य सरकार, मग एमआयडीसी, मग भारतीय विमानतळ प्राधिकरण असं ते हातातून हातात फिरलं. मुंबईला छोटं विमान सुरू झालं, बंद पडलं, परत सुरू झालं, २०११ च्या सुमारास किंगफिशरची सेवा थांबली आणि नंतर कित्येक वर्षं प्रवासी विमान जवळजवळ नव्हतंच. जाग आली ती छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारच्या उडान योजनेमुळे. ही योजना २०१६ ला आली आणि तिची पहिली फ्लाइट २७ एप्रिल २०१७ ला शिमला ते दिल्ली उडाली. कोल्हापूरला एप्रिल २०१८ मध्ये एअर डेक्कनचं १९ सीटचं विमान मुंबईसाठी आलं, त्याच वर्षाच्या शेवटी अलायन्स एअरने हैदराबाद आणि बेंगळुरू जोडलं, २०१९ ला इंडिगो आणि ट्रूजेट आले, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्टार एअरने मुंबई सुरू केली. नवीन टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी ऑनलाइन केलं, त्याच दिवशी पुण्याच्या नव्या टर्मिनलचंही झालं. काळ्या दगडाचा लूक आणि कमानी बघितल्या की भवानी मंडप आठवतो, आणि मुद्दाम तसंच केलंय ते.

आता उडानचं गणित नीट समजून घ्या, कारण "अरे ती फ्लाइट बंद कशी झाली" याचं उत्तर बहुतेक वेळा त्यात असतं. या योजनेत कंपनीने विमानातल्या साधारण निम्म्या सीट ठरलेल्या कमाल भाड्यात द्यायच्या, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार अशी ती मर्यादा होती, आणि त्यात जो तोटा होईल तो भरून काढायला सरकार पैसे देतं, त्यातला काही वाटा राज्याचा असतो. पण हा आधार तीन वर्षांचाच. तीन वर्षं झाली की कंपनीने स्वतःच्या पायावर ती फेरी चालवायची. तेव्हा सीट भरत असतील तर फेरी राहते, नाहीतर जाते. म्हणून तिकीट काढताना "गेल्या वर्षी ही फ्लाइट होती" या भरवशावर कार्यक्रम ठरवायचा नाही. मार्च शेवटी उन्हाळी आणि ऑक्टोबर शेवटी हिवाळी असं वर्षातून दोनदा सगळ्या कंपन्यांचं वेळापत्रक बदलतं, लग्न किंवा यात्रा त्याच्या पुढची असेल तर नवीन वेळापत्रक आल्यावर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर परत एकदा बघाच. तिरुपती, अहमदाबाद, नागपूर अशी नावं येत जात राहिलीत. आणि मुंबईचं तिकीट असेल तर डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळपण चालू झालंय, तेव्हा तिकिटावर कुठलं विमानतळ लिहिलंय ते नीट वाचा, अंधेरीला काम असताना पनवेलजवळ उतरलात तर अर्धा दिवस गेला.

पुढचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे फ्लाइट कुठल्या वेळेची घ्यायची. हे आपल्याकडची हवा ज्याला माहिती आहे त्याला सहज कळतं, फक्त ती हवा विमानाच्या अंगाने बघायची.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग खाली येतात. पन्हाळा, जोतिबा दिसेनासा होतो ना, तेच ढग विमानतळावर पण असतात. पायलटला ठरावीक उंचीपर्यंत खाली आल्यावर धावपट्टी डोळ्याने दिसलीच पाहिजे, नाही दिसली तर तो परत वर जातो, म्हणजे गो-अराउंड करतो. लोक घाबरतात, पण ते अगदी नेहमीचं आणि सुरक्षित काम आहे, उलट तो गेला म्हणजे त्याने बरोबर केलं. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडायचं तर आपल्या देशात ५ किलोमीटरपर्यंतचं स्वच्छ दिसावं लागतं. उपकरणं असली की ती अट कमी होते, किती कमी ते त्या विमानतळावर काय यंत्रणा बसवलीय त्यावर ठरतं, म्हणूनच एकाच ढगात मोठ्या विमानतळावर विमान उतरतं आणि छोट्या विमानतळावरून परत जातं. तेव्हा पावसाळ्यात जायचं असेल तर हातात एक दिवस जास्तीचा ठेवा. इंटरव्ह्यू, कोर्टाची तारीख, ऑपरेशन, परदेशी जायची फ्लाइट, असलं काही असेल तर आदल्या दिवशीच निघायचं.

हिवाळ्यात त्रास सकाळचा. पंचगंगेचं खोरं, आजूबाजूला ऊस, पहाटे धुकं धरतं आणि ऊन चढल्यावर विरतं. त्यामुळे डिसेंबर जानेवारीत चॉइस असेल तर सकाळी लवकरची न घेता दहा-अकरानंतरची घ्या.

उन्हाळ्यात बरोबर उलटं करायचं. एप्रिल मे मध्ये दुपारी तीन-चारनंतर वळीव येतो, वारा सुटतो, गडगडाट, गारा. सकाळची फ्लाइट बरी. शिवाय अजून एक कारण आहे जे बऱ्याच जणांना माहिती नसतं. आपलं विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळजवळ २००० फूट उंचीवर आहे आणि उन्हाने हवा विरळ होते, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून विमानाला जास्त लांब पळावं लागतं. धावपट्टी तेवढी लांब नसेल तर वजन कमी करावं लागतं, म्हणजे कधी काही सीट रिकाम्या ठेवतात तर कधी काही बॅगा मागच्या फ्लाइटने पाठवतात. आपली जुनी धावपट्टी १३७० मीटरची होती. एटीआर ७२ या पंख्यांच्या छोट्या विमानाला पूर्ण वजनानिशी उडायला, ते पण समुद्रसपाटीला, साधारण १३०० मीटरच्या वर लागतात, मग इथल्या उंचीवर आणि उन्हात काय होत असेल ते बघा. म्हणूनच ती टप्प्याटप्प्याने वाढवत २३०० मीटरवर न्यायची मागणी आणि काम इतकी वर्षं चाललंय, कारण तेवढी झाली की एअरबस ३२० सारखं १८० सीटचं विमान आणायचा मार्ग मोकळा होतो. जमीन संपादनाच्या बातम्या वाचून कंटाळा येतो खरा, पण तिकिटाचा दर आणि सीटची संख्या त्या मीटरांवर ठरते.

बॅगेचं वजन इथे खरोखर पाळायचं. बहुतेक कंपन्यांचं १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं असतं. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान आहेत, मोठी ट्रॉली बसत नाही, ती शिडीपाशीच घेतात आणि खालच्या कप्प्यात टाकतात. त्यामुळे औषधं, चार्जर, दागिने, कागदपत्रं एका छोट्या पिशवीत वेगळी ठेवा. आपल्याकडून जाताना लोक काय नेतात हे मला पक्कं माहिती आहे, कांदा लसूण चटणी आणि तिखट. हे हँडबॅगेत चालत नाही, सिक्युरिटीवाले मिरचीपूड काढून ठेवतात, चेक-इनमध्ये घट्ट बांधून टाका. अंबाबाईच्या ओटीतला नारळपण हातात नेऊ देत नाहीत, आणि सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून ते बॅगेत सुद्धा नको म्हणतात. देवाचा नारळ तिथे टेबलावर सोडून जाताना म्हाताऱ्या माणसांना फार वाईट वाटतं, मी बघितलंय, म्हणून घरीच वाढवून प्रसाद करून घ्या. गूळ, चप्पल, फरसाण, तिरुपतीचा लाडू याला काही अडचण नाही.

निघायचं कधी? गावातून उजळाईवाडी नऊ-दहा किलोमीटर, विद्यापीठावरून पुढे हायवेला लागलं की आलंच, गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या अलीकडे. विमानतळ लहान आहे म्हणून लोक अर्धा तास आधी येतात आणि इथेच चुकतात. काउंटर साधारण फ्लाइटच्या एक तास आधी बंद होतो, मोठ्या विमानतळासारखाच, त्यात सूट नाही. उलट फार लवकर पण येऊ नका, कारण विमानाची वेळ नसेल तेव्हा काउंटर उघडलेलाच नसतो. दीड पावणेदोन तास आधी पोहोचा, बास. रात्री उशिरा उतरणार असाल तर परतीची गाडी आधीच सांगून ठेवा, शेवटच्या फ्लाइटनंतर बाहेर रिक्षा मिळेलच असं नाही.

सांगली, जयसिंगपूर, पेठनाक्याकडून येणाऱ्यांनी पुराच्या दिवसांत जास्त काळजी घ्यायची. विमानतळ पंचगंगेच्या दक्षिणेला आहे आणि शिरोलीपाशी पाणी हायवेवर आलं की उत्तरेकडून येणारा माणूस तिथेच अडकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये हायवे कितीतरी दिवस बंद होता, जुलै २०२१ ला परत तेच. आणि त्याच २०१९ च्या पुरात या विमानतळाने काय केलं ते विसरू नका. रस्ता बंद, रेल्वे बंद, अशा वेळी बचाव पथकं, बोटी आणि मदतीचं सामान घेऊन हवाई दल आणि नौदलाची विमानं, हेलिकॉप्टरं इथेच उतरत होती. एवढ्या कमी फ्लाइटसाठी विमानतळ कशाला पाहिजे असं कुणी म्हटलं की मला ते दिवस आठवतात.

आता प्रवासाच्या दिवशी काय करायचं. विमान वेळेवर येणार का हे ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. इथे विमान रात्री मुक्कामाला सहसा नसतं, ते दुसऱ्या गावाहून येतं आणि अर्ध्या तासात आपल्याला घेऊन परत जातं. म्हणजे तुमची हैदराबादची फ्लाइट वेळेवर निघायला तेच विमान आधी हैदराबादहून निघालेलं पाहिजे. मोबाइलवर फ्लाइट ट्रॅकिंगचं ॲप टाका आणि येणाऱ्या फ्लाइटचा नंबर बघा. ती निघाली नसेल तर घरी निवांत बसा असं मात्र करू नका, काउंटरची वेळ बदलली असा कंपनीचा मेसेज येईपर्यंत जुन्या वेळेलाच पोहोचायचं.

उशीर फार झाला तर फ्लाइट सरळ रद्द का होते हे पण समजून घ्या. छोट्या विमानतळाला वॉच अवर्स असतात, म्हणजे टॉवर, अग्निशमन, सिक्युरिटी ठरलेल्या तासांतच कामावर असतात. पूर्वी तर इथे दिवसाउजेडीच विमानं यायची, नाइट लँडिंगची सोय अलीकडची. वेळ संपत आली तर टॉवरची वेळ वाढवून घ्यावी लागते, आणि पायलटच्या ड्युटीचे तास पण मोजलेले असतात, यातलं एक जरी जमलं नाही तर फ्लाइट रद्द.

यात अग्निशमनाचं का आलं असं वाटेल. मी एकदा काचेपाशी उभा होतो, आमचं विमान यायला दहा मिनिटं असतील, आधी एक जीप सगळ्या धावपट्टीवरून हळूहळू गेली, एक माणूस मध्येच उतरला, वाकून काहीतरी उचललं, खिशात टाकलं आणि परत बसला. खडा असेल किंवा खिळा. मग पक्षी हाकलायला फटाका वाजला. मग लाल बंब त्याच्या जागेवरून बाहेर येऊन तोंड धावपट्टीकडे करून उभा राहिला, आतले लोक पूर्ण वेषात. विमान उतरेपर्यंत ते हलले नाहीत. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की बंब धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचला पाहिजे, आणि विमानाच्या लांबी-रुंदीवरून विमानतळाची अग्निशमन कॅटेगरी ठरते, एटीआर ७२ ला पाचवी, एअरबस ३२० ला सहावी. म्हणजे मोठं विमान आणायचं तर नुसती धावपट्टी वाढवून भागत नाही, बंब, पाणी, फोम, माणसं सगळं वाढवावं लागतं. विमान येणार म्हणून एवढी माणसं उन्हात उभी असतात, हे आपल्याला आत एसीत बसून कळत नाही.

धावपट्टीचा नंबर ०७ आणि २५ आहे. त्याचा अर्थ होकायंत्रावर एका बाजूने ७० अंश आणि दुसऱ्या बाजूने २५० अंश. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा म्हणून ते बहुतेक पूर्वेकडून येतं. केशरी-पांढरी कापडी नळी दिसते तो वाऱ्याचा मोजा, तो कुठल्या बाजूला फुगलाय बघा आणि लहान मुलांना विमान कुठून येईल ते ओळखायला सांगा, आमच्या पोरांचा वेळ यात मस्त जातो.

एटीआरमध्ये चढताना मागच्या दारातून चढायचं असतं. दार उघडलं की त्याचीच शिडी होते, पाच-सहा पायऱ्या. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास, तिने एका हाताने पदर आणि एका हाताने कठडा धरला आणि सावकाश चढली, मागे कुणी घाई केली नाही. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, आयत्या वेळी नको. सीट दोन-दोनच्या, मधली सीटच नाही. मागची सीट घेतली तर उतरताना पहिले बाहेर, आणि पंख्यांचा आवाजही मागे कमी. पंख वर असल्यामुळे खालचं कुठल्याही खिडकीतून दिसतं, हवा स्वच्छ असेल तर कृष्णा-पंचगंगेची वळणं आणि उसाचे चौकोन बघत जा.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून पुढची फ्लाइट पकडायची असेल तर सावध. मी हे केलं आणि चांगलाच फटका बसला. इथून पहिली फ्लाइट ढगांमुळे तीन तास उशिरा निघाली, पुढची दुसऱ्या तिकिटावरची गेली, आणि त्या कंपनीने एक रुपया परत दिला नाही, कारण त्यांच्या लेखी मी आलोच नव्हतो. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असते तर पुढच्या फ्लाइटवर बसवणं त्यांची जबाबदारी होती. एकाच पीएनआरवर मिळत नसेल तर मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा.

हक्क पण माहिती असू द्या. डीजीसीए म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं, सहा तासांच्या वर गेला तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत. चोवीस तासही आधी न सांगता रद्द केली तर तासाभरापर्यंतच्या फ्लाइटला पाच हजार किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यातलं जे कमी असेल ते भरपाई म्हणून, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला तीच मर्यादा साडेसात हजार. पण हवामानामुळे रद्द झाली तर ही भरपाई मिळत नाही, तिकिटाचे पैसे मात्र परत मिळतात. म्हणून काउंटरवर रद्द होण्याचं कारण लेखी किंवा मेसेजवर मागून घ्या, शांतपणे मागा, तिथली मुलं चांगली असतात आणि ढग त्यांच्या हातात नाहीत.

विमान उतरूच शकलं नाही तर ते निघालेल्या गावी परत जातं किंवा बेळगाव, गोवा, पुणे असं कुठेतरी वळवतात. बेळगाव ११० किलोमीटरच्या आसपास, तिथे उतरवलं तर रस्त्याने घरी येणं अवघड नाही. आपण इथून जाणार असू आणि फ्लाइट गेली तर मुंबईसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, तिरुपतीसाठी हरिप्रिया आहे, आणि दूरची फ्लाइट बेळगावहून मिळते का हे बघायचं. पावसाळ्यात मी मुंबईच्या फ्लाइटसोबत महालक्ष्मीचं तिकीट पण काढून ठेवतो, फ्लाइट उडाली की रद्द करतो, थोडे पैसे जातात पण डोक्याला ताप नाही.

तिरुपतीबद्दल शेवटचं. बालाजीचं दर्शन झालं की अंबाबाईला यायचंच अशी श्रद्धा आहे आणि नवरात्रात तिकडून देवीला शालू येतो, त्यामुळे या मार्गाला दोन्हीकडून माणूस आहे. दर्शनाचा स्लॉट आणि फ्लाइट एकाच दिवशी ठेवू नका. आदल्या दिवशी पोहोचा, वर मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी दर्शन आणि तिसऱ्या दिवशी परत. आईला असंच नेलं होतं. जाताना विमान दीड तास उशिरा आलं, पण स्लॉट दुसऱ्या दिवशीचा होता, त्यामुळे ती खिडकीशेजारी बसून निवांत खाली बघत होती आणि मला विचारत होती, ही आपली पंचगंगा का रे?